थांबवलेली रांग

आमच्या इस्पितळात त्याला सगळे सर्व्हरभाऊ म्हणतात. जिन्याखालच्या खोलीत त्याने एक कॉम्प्युटर बसवला आणि सगळ्या वॉर्डांचे प्रिंटर त्याला जोडले. लॅबचा रिपोर्ट आधी इथे रांगेत उभा राहतो, मग आपल्या वॉर्डात छापला जातो. कागद घेऊन जिने चढणं त्याच्यामुळेच बंद झालं. माणूस गुणी, पण स्वतःच्या अंगाला काही लावून घ्यायचा नाही. काहीही बिघडलं की उत्तर ठरलेलं, "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे." हातून भाजी करपली तरी हेच सांगतो, असं त्याची बायकोच म्हणते.

त्या सकाळी सर्जरी वॉर्डच्या प्रिंटरचं टोनर बदलायला त्याने तिथली रांग थांबवली. टोनर बसवलं, हात पुसले आणि स्वारी चहाला गेली. रांग सुरू करायची राहिलीच.

वॉर्डात एका आजोबांचं ऑपरेशन होतं. रात्रीपासून उपाशी. रक्ताचा रिपोर्ट काही येईना. लॅबवाले म्हणाले, "दोनदा पाठवला." कागद हातात आल्याशिवाय आमचे डॉक्टर सुरी उचलत नाहीत. मग कागद हरवला कुणी? अर्थात सिस्टरने! "कागद सांभाळता येत नाहीत तर घरी बसा," डॉक्टर सगळ्या पेशंटसमोर ओरडले. ऑपरेशन उद्यावर गेलं.

दुपारी सिस्टरचा फोन आला तेव्हा कुठे भाऊने कॉम्प्युटरचा पडदा पाहिला. सर्जरीची रांग अजून थांबलेलीच होती. रांग सुरू करून तो धावत वर गेला. प्रिंटर भराभर कागद ओकत होता.

सिस्टरचे डोळे सुजले होते. "भाऊ, देवासारखे धावून आलात. नाहीतर माझ्यावरचं बालंट गेलं नसतं. नेटवर्कच होतं ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी सुटला असता. पण तिने आभार मानले आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही हो. रांग मी थांबवली होती. विसरलो."

सिस्टर म्हणाली, "मला काय सांगता? ज्यांच्यासमोर मला बोलणी बसली, त्यांना सांगा."

त्याने सांगितलं. डॉक्टरांसमोर, सगळ्या खाटांसमोर, मान खाली घालून. आजोबा जेवत होते. हातातला घास तसाच धरून त्यांनी विचारलं, "म्हणजे आज रात्री परत उपाशी का रे, बाळा?"

"हो, आजोबा. माझ्यामुळे."

दुसऱ्या सकाळी रांग व्यवस्थित चालू होती. तरी सर्व्हरभाऊ लॅबच्या दारात उभा होता. आजोबांचा त्या सकाळचा ताजा रिपोर्ट हातात पडताच तो घेऊन जिना चढत सुटला.