खाऱ्या विहिरीचं वरण

लग्न होऊन मी मेहकरकडून वरवट बकालला आले आणि पाण्याच्या पहिल्याच घोटाला माझं तोंड वाकडं झालं. विहीर खारी. त्या पाण्यात डाळसुद्धा शिजायला तयार नसायची. ऐकायची ती फक्त माझ्या सासूबाईंचं. त्या रात्रीच तूरडाळ भिजत घालत आणि मंद आचेवर तिला नमवत. गावात लग्न कुणाचंही असो, वरण त्यांचंच. त्याचा त्यांना केवढा तोरा!

मग सोनाळ्याकडं डोंगराच्या पायथ्याशी धरण झालं. त्यात म्हशी डुंबायच्या, धुणी व्हायची, मासे धरले जायचे, पाटानं शेतं भिजायची आणि उरलेलं पाणी गाळून नळानं आमच्याकडं यायचं. गोडं पाणी आलं म्हणून गावानं पंगत घातली. सासूबाईंची डाळ लोण्यासारखी शिजली. पण वाढपी दुसऱ्यांदा फिरले तेव्हा लोकांनी द्रोणावर हात आडवे धरले. एक जाणता म्हातारा म्हणाला, धरणात तुंबून तुंबून पाण्याचा कस गेला. सगळ्यांना ते पटलं.

सासूबाईंनी अंथरूण धरलं. येत्या लग्नात वरणाला दुसरी बाई बोलवायची, अशी कुजबूज सुरू झाली होती. मला त्यांची दया येत होती आणि हसूही आवरत नव्हतं. कारण पातेल्याशी उभी असताना मी पाहिलं होतं, त्यांनी मीठ टाकलंच नव्हतं. उभ्या जन्मात टाकलं नव्हतं. ते काम विहीर करायची.

शेवटी धीर करून मी वाटीभर वरणात चिमूटभर मीठ घातलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. म्हटलं, आत्याबाई, एवढंच राहिलं होतं. त्यांनी बोट बुडवून चाटलं, पुन्हा चाटलं, वाटी संपवली.

"मीठ टाकून तं कोनबी करीन व. मंग मले काऊन बलावतीन?"

आणि त्यांनी मला घागर देऊन जुन्या विहिरीवर पिटाळलं. घरोघरी पाणी नळाचं, आणि मी एकटी रहाटावर. कुणी विचारलं तर सांगायची, भांडी घासायला नेते.

लग्नात डाळ धरणाच्या पाण्यात शिजली आणि वरून विहिरीच्या पाण्याचे तांबे पडले. लोक भुरके मारत जेवले. तोच म्हातारा मिशा पुसत म्हणाला, "आता मुरलं धरणाचं पानी."

सासूबाई गंभीरपणे "हाव" म्हणाल्या. मला मात्र तोंडात पदर कोंबून मांडवामागं पळावं लागलं.