नळीवरून दिसलेला चांद

काल जुन्या जपानी दुर्बिणीची लाकडी पेटी उघडली आणि ग्रीसचा, कापराचा वास आला. माझ्याकडची ही सातवी. त्या वासानं थेट पहिल्या दुर्बिणीपाशी नेलं.

ती लांब पांढरी नळी घेऊन मी दुबईहून नुकताच बोर्लीला परतलो होतो. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी सगळा मोहल्ला किनाऱ्यावर जमला होता. क्षितिज धूसर, चांद कुणालाच दिसेना. मला मात्र दुर्बिणीत सापडला.

"उद्या ईद!" मी ओरडलो.

पण हमीदचाचांनी होकार दिला तरच मोहल्ल्यात ईद व्हायची. आयुष्य होडीवर काढलेले म्हातारे चाचा म्हणाले, "काचेतला चांद न्हाय चालत, बेटा. डोळ्याला दिसायला पाहिजे."

मी चिडलो. चाचा मात्र नळीमागे वाकले. काचेला डोळा न लावता, होडीचा रोख धरावा तशी त्यांनी नळीच्या पाठीवरून नजर सोडली. नळी रोखली होती तिथंच डोळे बारीक करून शोधलं.

"हाय! चांद हाय!"

मग रांगच लागली. एकेक जण वाकून नळीवरून चांद बघायचा आणि मलाच मिठी मारायचा. काचेत कुणी डोकावलंसुद्धा नाही, म्हणून मी रुसलो होतो.

आज कुणालाही आकाश दाखवताना मी आधी नळीमागे वाकून नुसत्या डोळ्यांनीच बघायला लावतो.