आईच्या बटव्यातली बॅटरी

इथले गूढ अनुभव मी आवडीने वाचते, पण विश्वास ठेवून नाही. नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. पार्ट रिजेक्ट झाला की तो का झाला हे शोधायचं, हेच माझं काम. "असंच झालं" हे उत्तर आमच्याकडे चालत नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण आईबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आई राजूरच्या पुढे, डोंगरातल्या आमच्या गावी एकटी राहते. वडील गेल्यावर तिने फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना घरचं जेवण द्यायला सुरुवात केली. पाहुणे आधी फोन करून येतात, म्हणून मी तिला स्मार्टफोन घेऊन दिला. तो तिला छान जमला. कटकट एकच – टॉर्च. फोन कमरेच्या बटव्यात टाकला की आतल्या आत टॉर्च लागायचा, फोन तापायचा, चार्जिंग संपून जायचं.

"माझी बॅटरी येडी झालीय," आई म्हणायची. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात.

मागच्या पावसाळ्यात सुट्टी काढून गेले तेव्हा सकाळीच तो फोन घेऊन बसले. वरून बोट खाली ओढायचं आणि टॉर्चचं चिन्ह दाबून तो बंद करायचा, हे आधी तिला शिकवलं. मग सेटिंगमध्ये कारणही सापडलं – फोन हलवला की टॉर्च लागण्याची सोय चालू होती. ती बंद केली. लॉक स्क्रीनवरचं टॉर्चचं बटणही काढून टाकलं. फोन गदागदा हलवून पाहिला, बटव्यात टाकून आईला अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. काही नाही.

"आता न्हाई ना लागायची?"

"शक्यच नाही," मी म्हणाले.

दुपारी पुण्याचं एक जोडपं जेवायला आलं. जेवून दोघं कड्याकडे फिरायला गेली. बऱ्याच वेळाने नवरा एकटाच धापा टाकत परत आला. फोटो काढता काढता धुकं उतरलं आणि बायको दिसेनाशी झाली. हाका मारून त्याचा घसा बसला होता.

आईने दोर खांद्यावर टाकला नि म्हणाली, "चला."

धुकं इतकं दाट की मला पुढे चालणाऱ्या आईची पाठ तेवढी दिसत होती. मध्येच तिच्या कमरेशी उजेड दिसला... बटव्याच्या कापडातून. टॉर्च! मी फोन काढून टॉर्च बंद केला. थोडं पुढे गेलो – परत लागला. मला रागच आला. सेटिंग उघडून पाहिलं. सगळं सकाळी केलं होतं तसंच, बंद. परत विझवून फोन आत ठेवला.

आणखी पुढे पुन्हा उजेड. मी हात पुढे केला, तर आईने तो धरला.

"ऱ्हाऊ दे. हितं हाक मारा."

नवऱ्याने बायकोला हाक मारली. वाटेच्या खालून, अगदी जवळून रडवेला आवाज आला.

निसरड्या उतारावर ती बसून होती, पाय मुरगळलेला. आईने दोर झाडाला बांधला, पदर खोचला.

"आई, मी उतरते," मी म्हणाले.

"तुला हितला उतार ठावं हाय का? तू दोराकडं बघ." आणि खाली बघून, "बाई, भिऊ नगं. मी आले."

साठीला टेकलेली माझी आई, अंगाने माझ्याहून बारीक. त्या तरण्या बाईला पाठुंगळी घेऊन, दोर धरत, गुडघे टेकत वर आली. शेवटी आम्ही दोघांनी त्यांना वाटेवर ओढलं. आईचे गुडघे सोलून निघाले होते, पण चेहऱ्यावर नुसतं हसू.

घरी चहा घेताना ती बाई आईला म्हणाली, "काकू, तुम्ही लाईट दाखवलात म्हणून थांबले. नाहीतर वाट समजून पुढेच निघाले होते."

"लाईट कुठे दिसला?" मी विचारलं.

"समोर. लागला, विझला, परत लागला. कुणीतरी येतंय असं वाटलं, म्हणून बसून राहिले."

आम्ही तिच्या मागून, वरच्या वाटेने येत होतो. तिच्या समोर फक्त दरी होती.

फोन मी नगरला आणून दुरुस्तीवाल्याकडून उघडून तपासून घेतला. काहीही बिघाड नाही. त्या दिवसापासून टॉर्च एकदाही आपोआप लागलेला नाही. धुक्यात उजेड भलतीकडे दिसतो, असं एक सहकारी म्हणाला. असेलही... पण बंद केलेला टॉर्च लागला कसा? कारण शोधणं माझा धंदा, आणि हे कारण मला आजही सापडलेलं नाही.

कारखान्यात मी ही हकिकत सगळ्यांना सांगते. परवा फोनवर आईकडे तक्रार केली, "मी तुझं कौतुक सांगते आणि लोक त्या उजेडाचंच विचारतात गं."

"इचारू दे की," आई म्हणाली. "उजेड कुनाचा का आसंना, बाईला पाठीवर मी आनली."