बॉनेटवरचे कुंकू

तारेची घासणी पत्र्यावर फिरते तेव्हा एक कोरडा, दातांत शिरशिरी उठवणारा आवाज निघतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला आमच्या सांगवीच्या बाल्कनीत ऐकू आला. कुणीतरी पातेले घासत असेल, असे वाटून मी तोरणातली सुकलेली फुले काढत राहिले. मग लक्षात आले, आवाज खालच्या पार्किंगमधून येतो आहे. तिथे कुणाचे पातेले असणार?

खाली सासूबाई आमच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर वाकल्या होत्या. आदल्या दिवशी पूजेत त्यांनीच तिथे ओल्या कुंकवाचे स्वस्तिक रेखले होते. रात्रीतून ते वाळून रंगाला धरून बसले. पाण्याने जाईना, म्हणून त्यांनी वरून घासणी नेली. कुंकू गेले होते. त्याच्या जागी, परातीएवढ्या वर्तुळात, पांढऱ्या ओरखड्यांचे जाळे उमटले होते. बीडकडच्या घरात जन्मभर तांब्या-पितळेला त्यांनी असेच लखलखीत केले होते.

माझ्याकडे पाहताच त्यांनी घासणी पदराआड घेतली. 

सासरे गेल्यावर, सहा महिन्यांपूर्वी, त्या आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. पहिल्याच महिन्यात नॉनस्टिक तवा उलथण्याने खरवडला गेला, पाठोपाठ वॉशिंग मशीन अडकले. चाकणहून शिफ्ट करून आलेला माझा नवरा म्हणाला, "आई, तू कशालाच हात लावू नकोस." रागाने नव्हे, शिणून म्हणाला. पण त्या दिवसापासून सासूबाईंचे हात मांडीवर पडून राहिले. मेथीची जुडी समोर ठेवली तरी आधी विचारायच्या, निवडू का. दसऱ्याला मीच हट्ट धरला की गाडीची पूजा तुम्हीच करायची. कितीतरी दिवसांनी ते हात आपण होऊन उठले, आणि उठले ते हे करून बसले.

नवरा दसऱ्याच्या रात्रीच कंपनीच्या कामासाठी चेन्नईला गेला होता. रविवारी संध्याकाळी येणार होता. त्याने ते जाळे पाहिले, पुन्हा तेच वाक्य उच्चारले, तर हे हात या घरात परत कशाला शिवणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होते. गॅरेजवाल्याने दिवाळीच्या गर्दीचे कारण सांगून पुढच्या आठवड्याची वेळ दिली. तेव्हा शनिवारी मी पिंपळे गुरवमधल्या गाड्यांच्या रंगाच्या दुकानात गेले.

दुकानदाराने आधी विचारले, साहेब करणार का. मी करणार, म्हटल्यावर त्याने हातातले पॉलिशचे जड यंत्र मुकाट्याने फळीवर परत ठेवले.

"हे नुसतं गोल फिरतं, ताई. शहाण्याच्या हातातच शहाणं. तुम्ही हे दुसरं न्या, हे डुलत डुलत फिरतं. चुकलात तरी जरा माफ करतं."

भाड्याने दिलेल्या त्या यंत्राबरोबर त्याने दोन फोमची पॅड दिली, एक कडक, एक मऊ. ओरखडे कापणारी दाट पेस्ट आणि नंतरची पातळ पॉलिश दिली. मग तो गंभीर झाला. रंगावर एक पारदर्शक थर असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ; तुम्ही ओरखडा पुसत नाही, तो थरच ओरखड्याच्या तळापर्यंत झिजवता, असे त्याने समजावले. जिथे नख अडकेल तिथे नाद सोडायचा. थर एकदा संपला की खालचा रंग उघडा पडतो, आणि त्याला औषध नाही.

रविवारी सकाळी मी गाडी धुतली, कडांना कागदी टेप लावला, पेस्टचे चार थेंब पॅडवर घेतले. यंत्र चालू होताच हाडांपर्यंत थरथर चढली. तळमजल्यावरचे काका खिडकीतून म्हणाले, "वहिनी, पुरण वाटताय की काय?" मला हसू आले नाही. हातभर जागा, सावकाश उभे हात, मग आडवे. थांबायचे नाही, दाबायचे नाही. गरम पेस्टचा रॉकेलसारखा, किंचित गोड वास भरून राहिला. फडक्याने पुसले, आणि काळ्या पाण्यावरचे शेवाळ बाजूला व्हावे तसे जाळे विरळ झालेले दिसले.

सासूबाई जिन्याच्या पायरीवर बसून होत्या, हात मांडीवर.

दुपारपर्यंत माझी बोटे इतकी बधिर झाली की मला नखाची परीक्षाच घेता येईना. मी त्यांना बोलावले. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, आता नाही लावत मी हात.

"आई, माझी बोटं मेलीत. तुम्ही नाही पाहिलंत तर मी थर फाडून ठेवीन."

त्या आल्या. चिमटीतले पीठ चाचपून भरड की बारीक सांगणारी ती बोटे. त्यांनी डोळे मिटले आणि नख फिरवले: इथे गेलं, इथे गेलं, इथे बी गेलं. मग एका जागी नख थबकले. करंगळीएवढी एक रेघ. मी तिच्यावरून आणखी दोनदा यंत्र फिरवले. बॉनेट हाताला चटका देऊ लागले, रेघ तशीच.

फाटकाशी रिक्षा थांबली. नवरा तीन तास लवकर आला होता.

तो बॅग खांद्यावर घेऊनच जवळ आला. टेप, फडकी, माझे पांढरे हात पाहिले, मग ती रेघ. काही विचारण्याआधीच सासूबाई पुढे झाल्या.

"म्या घासलं, बाबा. तारेच्या घासणीनं. कुकू निघंना गेलं."

तो रेघेवर वाकला. त्याचे ओठ हलले, आणि ते वाक्य आता येणार असे मला वाटले. ते येण्याआधी रेघच उरू नये म्हणून मी यंत्र उचलले, पॅड टेकवले, अंगठा बटणावर नेला.

सासूबाईंनी तळहात त्या रेघेवर ठेवला, सपाट, घट्ट, गरम पत्र्यावर. मुलाकडे त्यांनी पाहिलेदेखील नाही. माझ्याकडे पाहून म्हणाल्या,

"पुरे."