पोळ्याच्या सकाळी आसरेचं पाणी

देव आहे की नाही, याचा विचार करायला मला त्या सकाळी सवड नव्हती. तलावातले मासे वर येऊन हवेसाठी तोंडं उघडत होते. दोन दिवस आभाळ गच्च, वाऱ्याचं नाव नाही, आणि गावचं रोहित्र जळाल्यामुळे पाणी उसळवणारा पंप बंद. चांदूर रेल्वेकडच्या आमच्या गावचा हा तलाव आम्ही काही भोई बायांनी मिळून मासे पाळायला घेतला आहे. श्रावणभर आमच्याकडे मासळीला कोणी विचारत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मात्र घरोघरी रस्सा शिजतो. वर्षभर वाढवलेले रोहू-कटले आम्ही त्या बाजारासाठीच पाण्यात राखले होते. तेच मेले असते तर बाया पुन्हा लोकांच्या वावरात निंदणीच्या मजुरीला गेल्या असत्या आणि तलावाकडे फिरकल्याही नसत्या.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, तीही प्राणिशास्त्राची. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पाण्यातला प्राणवायू संपत आलाय, हे मला कळत होतं. म्हणून मी आणि आई उजाडायच्या आधीपासून बांबूने पाणी झोडपत होतो. काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत. ती आमची आसरा, पाण्याची देवी. आई झोडपता झोडपता तिच्याकडे पाहून पुटपुटत होती.

"आई, तिच्याशी मंग बोल. आधी पाणी हालव."

"मी दोन्ही करून राहिली. तुह्या कालेजात एका वक्ती एकच काम शिकवते वाटते!"

तशातही मला हसू आलं. पण तलाव मोठा, आमचे बांबू काठापुरते. शेवटी हात उचलेनात, तेव्हा मी तिथंच चिखलात बसले. आसरेकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, बाई, माझ्याच्यानं एवढंच झालं. आता तू पाहा. नवस बोलले नाही, काही मागितलंही नाही.

थोड्याच वेळात घुंगरं वाजली. एक अनोळखी म्हातारे शेतकरी बैलजोडी घेऊन बांधावर उभे होते. मागून आणखी जोड्या येत होत्या.

"ओ बाई, आमी टेकडीपलीकडचे. वरतं पाऊस झाला, आमच्या नाल्याले पूर आला. बैल धुऊ दे वं इथं. सणाच्या दिवशी मळके कसे पुजाचे?"

तलावात गुरं येऊ नयेत म्हणून बाभळीच्या काट्यांचं कुंपण मीच घातलं होतं. तोंडात 'नाही' आलं होतं. मग पाण्याकडे पाहिलं, आणि उठून माझ्याच हाताने काटे ओढून बाजूला केले.

"या काका. सगळेच या. बैल तलावाच्या मधात पोहू द्या."

"अन् तुहे मासे?"

"त्याइच्याचसाठी बोलावून राहिली!"

"अजबच आहे बाप्पा," म्हणत ते उतरले. तळ मुरमाचा, त्यामुळे गाळ उठला नाही. बैल पोहत मध्यापर्यंत गेले, शेपट्या आपटत राहिले. माणसं ओंजळींनी पाणी उडवत होती. सगळा तलाव उसळत होता. ऊन वर येईपर्यंत ते चाललं आणि मासे हळूहळू खाली गेले. काही मोठे कटले मेले. बाकी सगळे वाचले.

करीच्या बाजारात आमच्या टोपल्या रिकाम्या झाल्या. एक चांगला रोहू मात्र मी काढून ठेवला आणि विचारत विचारत त्या काकांच्या घरी गेले. त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ दाखवली.

"मी माळकरी वं. मले कायले मासा? अन् उपकार तर तूच केले. आमचे बैल कसे चमकले!"

मी सगळं सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "म्हणजे माह्या बैलाइनं मासे वाचवले? घ्या आता!" त्यांच्या घरच्या काकूंनी मला पुरणपोळ्या बांधून दिल्या. मासा आणि पोळ्या, दोन्ही घेऊन मी परतले.

पाण्यात हवा कशी मिसळते, हे मी आजही कोणालाही समजावून सांगेन. ते काका त्याच वेळी आमच्याच बांधावर कसे आले, हे मला सांगता येत नाही. ते कळलंच पाहिजे असा हट्टही मी धरत नाही. त्यांना तर आपण काही दिलं याचा पत्ताही नव्हता. हल्ली पहाटे तलावावर गेले की माझं काम मी जराही कमी करत नाही. पंप पाहते, पाणी पाहते, मासे पाहते. मग काठावर घटकाभर बसते, आसरेचे आभार मानते, आणि माझ्या हातापलीकडचं पाणी तिच्यावर सोपवून घरी येते.