बाहेरून कुलूप, आत आम्ही

वडीगोद्रीला हमरस्त्यावर माझं सायकलीचं दुकान होतं. पंक्चर, ब्रेक, वाकडी रिंग सरळ करणं, सगळं मी एकटा करायचो. माझ्या हातून दुरुस्त झालेली सायकल तीच तक्रार घेऊन परत आली न्हाई. आली असेल तर चालवणाराची चूक. शाळा माझी चौथीपर्यंत झाली, पण चाक फिरताना नुसतं ऐकून मी सांगायचो कुठला आरा ढिला आहे. हे सांगायचं कारण, मी कोणाचं ऐकून घेणारा माणूस न्हाई हे वाचणाराला आधीच माहीत असावं.

आम्ही ख्रिस्ती. गावात आमची घरं थोडीच. आसपासच्या गावातली धरून आमची मंडळी व्हायची, म्हणजे रविवारी उपासनेला जमणारी माणसं. आमचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, लुना मोपेडवर यायचे, मागं पेटी दोरीनं बांधून. पेटीचा सूर रस्त्यातल्या खड्ड्यांवर अवलंबून असायचा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमची लेक आठ वर्षांची होती. एका सकाळी तिला ताप आला. अंबडच्या दवाखान्यात नेली, आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. मेंदूत ताप गेल्ता म्हणले. एवढंच लिहितो. जास्त लिहायला बसलो की हात चालत न्हाई.

त्या दिवसापासून माझी बायको बोलायची बंद झाली. रडलीबी न्हाई. पुढं ताट ठेवलं की एक घास मोडायची, आणि ताट तसंच मागं सरकवायची. मी दुकानातून आलो की आधी तिची छाती हलते का ते बघायचो, मंग चपला काढायचो. लेकीच्या मागं हीबी जाती की काय, हे एकच भ्याव माझ्या पोटात होतं. माझंबी एकाशी बोलणं बंद होतं, पण ते देवाशी. त्याला मी दुकानात पान्हा हातात धरून साफ सांगितलं होतं, की तू तुझ्या जागी आणि मी माझ्या.

आता आमच्या मंडळीची रीत अशी, की ज्या घरात मयत झाली त्या घरात बरेच दिवस रोज संध्याकाळी एका घरानं डबे न्यायचे, बाकीच्यांनीबी सोबत जाऊन प्रार्थना करायची आणि घरच्यांना चार घास खाऊ घालून यायचं. घरांची पाळी लावलेली असते. रीत चांगली आहे. दुसऱ्याच्या घरी मी स्वतः कैक वेळा गेलेलो. पण माझ्याच दारात डबे यायला लागले तेव्हा मला ते सहन होईना. मी आजपर्यंत कोणाच्या घरचा फुकट चहा पिलो न्हाई.

आणि डब्यात तरी काय, तर वांगं. पहिल्या दिवशी भरलं वांगं, दुसऱ्या दिवशी वांग्याचं भरीत, तिसऱ्या दिवशी वांगं बटाटा. एका बाईनं वेगळं म्हणून डाळ आणली, तर डाळीतबी वांगं. मंडळीत आपसात काही ठरलं होतं, की त्या हंगामात देवानंच वांग्याचा वर्षाव केला होता, मला माहीत न्हाई. डबे रिकामे झाले की झाकणांची अदलाबदल व्हायची, आणि रविवारी उपासनेनंतर बाया आपापलं झाकण शोधत हिंडायच्या.

वांगं मी सहन केलं असतं. पण मंडळीत एक आक्का होती, अंगानं भारी थोराड. ती दारातूनच हंबरडा फोडायची आणि येऊन सरळ बायकोच्या गळ्यात पडायची. पडली की बायको दिसायचीच न्हाई. एकदा तर मी खांद्याला धरून बायकोला तिच्याखालून बाहेर ओढली. बायको भिंतीला टेकून बसली, पहिल्यापेक्षा जास्त गप्प. आक्काचं मन सोन्यासारखं होतं, त्याबद्दल वाद न्हाई, पण सोन्यालाबी वजन असतं.

मी पाळकसाहेबांना सांगितलं, की हे आता बस करा. ते म्हणले, "दादा, तुम्ही खाऊ नका. पण लोकांना येऊ द्या. न्हाई आले तर ते कुठं जातील?" मला ते उत्तर बिलकुल पटलं न्हाई. ते आपापल्या घरी जातील, दुसरं काय.

मंग मी अक्कल चालवली. शेजारी एक टेलर राहायचा, मुसलमान, मला मामा म्हणायचा. त्याला मी बोलावलं आणि माझं नवंकोरं अलीगढी कुलूप त्याच्या हातात दिलं. म्हणलं, आम्ही दोघं आत बसतो, तू बाहेरून कुलूप लाव. मंडळी येईल, कुलूप बघेल आणि निघून जाईल. ती गेली की तू येऊन उघड. टेलर माझ्याकडं बघतच राह्यला. "मामा, घर आपका, और आपही चोर?" म्हणला. पण शेजाऱ्याचं ऐकायची त्याला सवय होती. त्यानं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, आणि तेवढ्यात वरातीची एक जीप रस्त्यावर थांबली. त्याच्या मेहुण्याचं लग्न होतं अंबडला. लोकांनी त्याला ओढून जीपमध्ये बसवलं, आणि माझी किल्ली लग्नाला गेली. हे मी खिडकीच्या फटीतून माझ्या डोळ्यांनी बघितलं. ओरडलो असतो, पण घरात कोणी न्हाई असं दाखवायचं होतं ना.

दिवेलागणीला मंडळी आली. कुलूप बघितलं. मला वाटलं, आता जातील. पण ही मंडळी म्हणजे काय चीज आहे ते मीच विसरलो होतो. कोणी म्हणलं, दवाखान्यात गेले असतील. कोणी म्हणलं, जालन्याला मस्तगडला पाहुण्यांकडं गेले असतील, येतील आता. आणि सगळ्यांनी माझ्या ओट्यावर सतरंजी अंथरली. डबे मधोमध ठेवले. वास बराबर आत आला. वांगं.

"आले की एकत्र जेवू, तोवर प्रार्थना करून घेऊ," पाळकसाहेब म्हणले.

आम्ही दोघं आत अंधारात, खिडकीखाली बसल्तो. बायकोनं गुडघ्यावर हनुवटी टेकवली होती. मी तोंडावर हात धरून खोकला दाबून राह्यलो होतो. बाहेर आधी एक म्हातारे वडील, म्हणजे मंडळीचे पंच, प्रार्थनेला उभे राह्यले. मी घरात न्हाई असं धरून ते मनमोकळे बोलले. म्हणले, हे प्रभू, हा माणूस हट्टी आहे हे तुला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. यानं माझ्या सायकलीला ब्रेक बसवला तो अजून लागत न्हाई, तरी आम्ही याला माफ केलं आहे. तू याचं मन नरम कर. सगळी मंडळी आमेन म्हणली. मला आतल्या आत असा राग आला की काय सांगू. तो ब्रेक उत्तम होता. त्यांना दाबता येत नव्हता. उतारावर माणूस घाबरून ब्रेक सोडतो आणि घंटी दाबतो, यात कारागिराचा काय दोष?

मंग पाळकसाहेब उभे राह्यले. ते लेकीबद्दल बोलायला लागले. म्हणले, हे लेकरू कोकरासारखं गरीब होतं. कधी कोणाला त्रास दिला न्हाई. उपासनेत हात जोडून शांत बसायचं.

मी बायकोकडं बघितलं. तिनं हनुवटी उचलली होती.

"गरीब?" ती म्हणली.

इतक्या दिवसांनी आलेला तो आवाज मला आधी ओळखूच आला न्हाई. वाटलं बाहेरचं कोणी बोललं. ती उठली, खिडकीचं दार ढकललं, गज धरले आणि बाहेर म्हणली, "पाळकसाहेब, तुमच्या पेटीत चिंचोके कोणी भरल्ते?"

आक्कानं प्रार्थना चालू असतानाच हळूच काढलेली भाकर खाली ठेवली. त्यांना वाटलं होतं घर रिकामं आहे, आणि घर बोलायला लागलं. पाळकसाहेबांनी डोळे उघडले, खिडकीकडं बघितलं, मंग कुलपाकडं बघितलं, मंग परत खिडकीकडं.

"आम्ही तर उंदराला बोल लावला," ते हळू आवाजात म्हणले. "घरी मांजर पाळलं त्याच्यासाठी."

"उंदीर न्हाई. ती," बायको म्हणली. "मूठभर भरले. रविवारी तुम्ही पेटी वाजवायला बसले आणि खुळखुळा वाजला, तेव्हा तोंडात माझा पदर कोंबून माझ्या मांडीवर हसून राह्यल्ती ती."

पहिल्यांदा हसले ते म्हातारे वडील. मंग सगळे. हसता हसता पाळकसाहेबांना रडू फुटलं, आणि रडता रडता परत हसू. मांजराचं आता काय करायचं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा बायकोबी हसली. मी तिच्या मागं उभा होतो. माझी छाती अशी धडधडून राह्यली होती की जणू कोणी खिळखिळी सायकल दगडावरून चालवतंय.

मंग कोणाचं तरी लक्ष माझ्याकडं गेलं. दादा, तुम्ही आत काय करून राह्यले, असं विचारलं. मी म्हणलं, माझं घर आहे, मी आतच असणार. ब्रेकबद्दलबी मी तिथंच खुलासा करून टाकला. वडील म्हणले, कुलूप फोडू. मी म्हणलं, नव्या कुलपाला कोणी हात लावायचा न्हाई, किल्ली लग्नाला गेली आहे, येईल. यावर मंडळी इतकी हसली की रस्त्यावरचे ट्रकवाले गाडी हळू करून बघायला लागले.

डबे गजातून जाईनात. भाकरीची गुंडाळी करून आत सारली. वांग्याची वाटी तिरपी करून सारली, ती अर्धी माझ्या धोतरावर आणि अर्धी वाटीत. वडिलांनी चहाची बशी गजाबाहेर धरली, आणि मी आतून तोंड लावून पिलो. कोणाचा फुकट चहा न पिणारा माणूस स्वतःच्याच घरात गजाआडून दोन बश्या पिला. तिसरीबी पिलो.

आक्का खिडकीशी आली. हात पसरून गळ्यात पडायला गेली, पण मधे गज. मंग ती बिचारी नुसती बायकोचं बोट धरून उभी राह्यली. मला वाटतं तिथंच सगळा फरक पडला. कोणाला बायकोच्या अंगावर पडता येईना, म्हणून तिला बोलायला जागा मिळाली. लेक कुठल्या झाडावर चढायची, कोणाला काय नाव ठेवायची, पाळकसाहेबांची नक्कल कशी करायची, सगळं एकामागं एक निघायला लागलं. आणि मधे मधे, आपण काय करतो हे तिचं तिलाबी कळत नव्हतं, ती भाकर मोडून खात होती. वांग्यासकट.

मी देवाला काही बोललो न्हाई. पण जेवणानंतर मंडळीनं परत प्रार्थना करून आमेन म्हणलं तेव्हा मी जरा मोठ्यानं खोकललो. त्यानं काय समजायचं ते समजावं.

एवढ्यात टेलर आला, एका ट्रकमधून उतरून पळत, गळ्यात लग्नाचा हार तसाच. माफी मागत कुलपाला किल्ली लावली. तेव्हा बायको खिडकीतून म्हणली, "भाई, जरा थांबा. उघडू नका. माझं अजून सांगून व्हायचंय."

टेलर किल्ली तशीच हातात धरून सतरंजीवर बसला. आक्कानं त्याला भाकर दिली. मला, खरं सांगतो, तीन बश्या चहानं बाहेर जायची भलतीच घाई झाली होती. आयुष्यात मी कोणासाठी थांबलो न्हाई. पण त्या दिवशी पाय आवळून, दातावर दात धरून, भिंतीला टेकून उभा राह्यलो आणि एक अक्षर बोललो न्हाई, कारण ती बोलून राह्यली होती.