बिनकडीचं दार

चहा आधी संपवा, मगच सांगतो. मागे एकाला ठसका लागला होता.

तर मी सिंदी मेघेचा छोटा ठेकेदार. नालवाडीत एका घराचं काम घेतलं होतं. अडचण एकच, रेजा टिकेनात! रेजा म्हणजे आमच्याकडच्या मजूर बाया. चार दिवस घमेली उचलायच्या, पाचव्या दिवशी कापूस वेचायला गायब. आणि बाया गेल्या की काम ठप्प, हो!

शेवटी त्यांच्या पुढारी सुशीलाबाईंना विचारलं, "काऊन जाता तुमी?"

"भाऊ, वावरात तुरीचा तरी आडोसा राह्यते. इथं बाईमानसानं जावं कुठं?"

पटलं मला. मनातून लाजलोही. दोन दिवसांत टिनाचा संडास उभा केला. आत फरशी, पाण्याची टाकी! दार तेवढं सिमेंटच्या खोलीचं जुनं लावलं. चांगलं दार फेकायचं कशाला? नारळ फोडला.

बाया एकदा आत डोकावल्या, तोंडाला पदर लावून हसल्या आणि परत कोणी फिरकलं नाही. वर निरोप, "स्लॅब टाकून देतो, सोमवारपासून वेचणीले जातो."

स्लॅबच्या दिवशी माझं डोकं सटकलं. "एवढी सोय केली, आता काय रंगीत टीव्ही लावू का तिथं?"

सुशीलाबाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, एकडाव आत जाऊन दार लावून पाहा ना."

गेलो तावातावानं. दार ओढलं आणि कडी शोधतोय तर कडीच नाही! कशी असेल? सिमेंटची पोती काय आतून कडी लावतात? कडी होती ती बाहेरून. हात सोडला तसं दार करकरत अर्धं उघडलं.

तेवढ्यात बाहेरून खट्!

आमचे गजानन मिस्त्री जाता जाता कडी घालून गेले होते. मी ओरडलो, टिन बडवलं. पण मिक्सर सुरू झाला होता, ऐकतो कोण? माझ्याविना स्लॅब टाकून झाला. छान झाला, हे जास्त लागलं.

मिक्सर थांबल्यावर सुशीलाबाईंनी दार उघडलं. मी मिस्त्रींवर धावलो.

"दहा वर्सं झाले," मिस्त्री म्हणाले, "तुमीच तं सांगून राह्यले, हे दार उघडं दिसलं की कडी घालजो, सिमेटले हवा लागते!"

त्याच संध्याकाळी आतून कडी ठोकली, माझ्या हातानं. सोमवारी सगळ्या बाया हजर. अजून टिकून आहेत.

फक्त कोणी नवी बाई कामाला आली की सुशीलाबाई तिला आधी ते दार दाखवतात. "बिनधास्त जाय वो बाई. आतून कडी आहे. कडी नसली तं काय होते, हे आमच्या ठेकेदारानं सोता दोन घंटे अंदर राहून पाह्यलं!"